आपापली सतरंजी

सामाईक सतरंजी वापरू नये, प्रत्येकाने बसायला आपापलं आसन घरून आणावं. 2020 च्या दिवाळीत राज्य सरकारने प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी दिली, तिच्यासोबत आलेल्या नियमांपैकी हा एक. नियम चौदा नोव्हेंबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच मोबाइलवर फिरायला लागले. पाडव्यापासून, सोमवार 16 तारखेपासून, दारं उघडणार होती. मास्क, सहा फूट अंतर, दारात सॅनिटायझर, मूर्तींना आणि धर्मग्रंथांना हात लावायचा नाही, प्रसाद वाटायचा नाही, पवित्र पाणी शिंपडायचं नाही, समूहाने गायचं नाही. हवं तर गाणी रेकॉर्डवर लावावीत. सगळं वाचलं, पटलंही. अडलो फक्त सतरंजीपाशी.

जालना जिल्ह्यातल्या आत्याच्या गावचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. बाकं नाहीत. एका भिंतीला क्रूस, खाली टेबल, टेबलावर धुवट पांढरी चादर. आणि जमिनीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक सतरंजी. ही सतरंजी चर्चपेक्षा जुनी आहे. खोली बांधली नव्हती तेव्हा फादर आले की लिंबाखाली मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, व्हायची, आणि त्यासाठी घराघरातून वर्गणी काढून सगळ्यांत आधी जर काही विकत घेतलं असेल तर ती. पुढे भिंती आल्या, पत्रे आले, ट्यूबलाइट आली, पण त्या साऱ्या सतरंजीच्या मापाने आल्या. गावात कुणी मेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची जपमाळ असली की तीच सतरंजी खांद्यावर घेऊन पोरं त्या घरी जातात. आता ती गुंडाळून ठेवा आणि प्रत्येकाने आपापलं आसन आणा, असं सांगितल्यावर आत्याने मला फोनवर एवढंच विचारलं, "मंग चर्च कशावर भरवायचं?"

मराठी वाचकाला कॅथलिक म्हटलं की वसई आठवते. पांढरेशुभ्र मनोरे, केळीच्या बागा, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या. मराठवाड्यातला कॅथलिक त्या चित्रात बसत नाही. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो 1977 च्या डिसेंबरात, अमरावतीतून वेगळा निघून. त्याआधी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशनरी घोगरगावाकडून खेड्यापाड्यांत फिरत होते. घोड्यावर, बैलगाडीत, सायकलवर, मग मोटारसायकलवर. वाहन बदललं, पद्धत तीच राहिली. इथे धर्मग्राम म्हणजे एक गाव नव्हे, पुष्कळ गावं. मधल्या मोठ्या गावात चर्च, फादरांचं घर, सिस्टरांची शाळा किंवा दवाखाना, आणि बाकीच्या वाड्यावस्त्यांवर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मिस्सा. अधल्यामधल्या रविवारी मास्तर, म्हणजे धर्मशिक्षक, प्रार्थना घेतो. बायका भजन म्हणतात. पेटी, ढोलकी, टाळ.

म्हणून 'चर्च बंद झालं' या तीन शब्दांचा अर्थ जालना शहरात एक होता आणि पंचवीस-तीस किलोमीटर आत दुसरा. शहरातल्या माणसाचा रविवार गेला. खेड्यातल्या माणसाच्या दारी जे येत होतं, ते यायचं थांबलं.

आत्याच्या भिंतीवर क्रुसाशेजारी कालनिर्णय असतं. बहुतेक ख्रिस्ती घरांत असतं, कारण त्यात एकादशीही कळते आणि भस्म बुधवारही. फादर यायची तारीख ठरली की आत्या तिच्याभोवती पेनाने गोल करते. 2020 चं कालनिर्णय तिने टाकलं नाही, पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. जानेवारीत गोल, फेब्रुवारीत गोल, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक गोल, त्यावर काट. मग पानामागून पानं कोरी. दूध, गॅस, पोळा, महालक्ष्म्या, सगळ्याच्या खुणा आहेत, गोल नाहीत.

त्या वर्षीचा पवित्र आठवडा कसा गेला हे आठवायचं तर झावळ्यांच्या रविवारापासून सुरू करावं लागतं. 5 एप्रिल. आमच्याकडे नारळ नाही, शिंदीची पानं आणतात. त्या वर्षी ओढ्याला पानं आणायला कुणी गेलं नाही. त्याच रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावायचं आवाहन पंतप्रधानांनी केलेलं होतं. आत्याने दारात मेणबत्ती लावली. गल्लीतल्या सगळ्यांनीच काही ना काही लावलं, तिने मेणबत्ती लावली इतकंच. ती मिरवणुकीची मेणबत्ती होती की कोरोनाची, असं मी नंतर विचारलं. "एकच होती घरात," म्हणाली.

रोमहून आदेश आला होता की पवित्र आठवड्याचे विधी लोकांविना करावेत, आणि येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीचं गुरुवारचं पाय धुणं वगळावं. 12 एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, फोनवर झाला. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात आणि साधारण ईस्टरच्या आसपास परततात. त्या वर्षी ती कारखान्यांच्या तळांवर अडकली. राज्यभरात अशी अडकलेली एक लाखाहून जास्त होती. त्यांना गावी सोडायची परवानगी 17 एप्रिलला निघाली, सण होऊन गेल्यावर पाचव्या दिवशी. योगायोग असा की त्याच दिवशी सकाळी पोप फ्रान्सिस आपल्या रोजच्या मिस्सात, जी तेव्हा जगभर मोबाइलवर दिसत होती, सांगत होते की पडद्यावरची ही जवळीक म्हणजे चर्च नव्हे. बोगद्यातून बाहेर पडायचंय, त्यातच राहायचं नाही. उसाच्या पाचटाच्या कोपीत बसून हे कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. पण बोगदा म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नसतं.

जालना हे लोखंडाचं आणि बियाण्यांचं गाव. सळया करणारे कारखाने, आणि त्यांत राबायला आलेली मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातली पोरं. 8 मे च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्यातल्याच एका स्टील कंपनीत कामाला होते. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल म्हणून चालत निघालेले. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो साऱ्या देशाने पाहिला. त्या दिवसांत मिस्सा बंद आहे म्हणून तक्रार करायची आम्हाला लाज वाटायची, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

फोनवरची मिस्सा हा प्रकार खेड्यात कसा चालला? आत्याच्या घरी एक स्मार्टफोन, तोही नातवाचा. शाळाही त्याच्यावर, क्रिकेटही त्याच्यावर. रविवारी सकाळी तो फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून फळीवर ठेवायचे, समोर सहा-सात माणसं. रेंज गेली की फादर तोंड उघडं ठेवून थांबायचे. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली की पडद्यावर एक प्रार्थना यायची, ती म्हणायची आणि मनाने प्रसाद स्वीकारायचा. याला आध्यात्मिक ख्रिस्तप्रसाद म्हणतात. जुनी, मान्यताप्राप्त गोष्ट आहे. नजरेने मिस्सा ऐकण्याचीही प्रथा जुनीच. 1576 च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या होत्या, कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा दिसावी म्हणून. फरक इतकाच की मिलानच्या खिडकीतून फादरांनाही आपण दिसत होतो. तांब्याला टेकवलेल्या खिडकीतून ते दिसत होते, आपण नाही. आत्या तरीही पदर डोक्यावर घेऊन बसायची, आणि नातू आडवा पडला की ओरडायची, "उठ, फादर बघतेत."

उन्हाळा संपला. केंद्र सरकारने 8 जूनपासून प्रार्थनास्थळं उघडायला मुभा दिली. महाराष्ट्राने दिली नाही. रोज टीव्हीवर आकडे सांगणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्याच घनसावंगीचे आमदार होते, त्यामुळे गावात सरकारवर चिडणंही जरा घरगुती असायचं. मग 'मंदिरं उघडा' सुरू झालं. 31 ऑगस्टला प्रकाश आंबेडकरांचं पंढरपुरात आंदोलन, भाजपचा घंटानाद, ऑक्टोबरात राज्यपाल कोश्यारींचं, मंदिरं का उघडत नाही असं विचारणारं ते गाजलेलं पत्र आणि मुख्यमंत्री ठाकरेंचं उत्तर. या सगळ्यात चर्चचा उल्लेख 'इतर प्रार्थनास्थळे' या दोन शब्दांत मावत होता. आमची माणसं गप्प होती. मला वाटतं, ते शहाणपण जेवढं होतं तेवढीच सवय होती. इथला ख्रिस्ती माणूस रस्त्यावर उतरून काही मागताना मी फार कमी पाहिलाय. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरली नाही, तेव्हा मात्र लोक आतून हलले. 1949 पासूनची ही यात्रा, मराठवाड्यातून टेम्पो भरभरून जातात. आत्याने यात्रेच्या शनिवारी आपल्याच अंगणात पाटावर मतमाउलीची तसबीर मांडून नारळ फोडला.

तर पाडव्याला दारं उघडली. पहिला रविवार आला 22 नोव्हेंबरचा, आणि तो निघाला ख्रिस्तराजाचा सण, म्हणजे चर्चच्या वर्षातला शेवटचा रविवार. त्या दिवशी वाचायचा उतारा ठरलेला असतो. मत्तयच्या शुभवर्तमानातला, शेवटच्या न्यायाचा. कुणी भुकेल्याला जेवू घातलं, कुणी परक्याला घरात घेतलं, कुणी आजाऱ्याला भेटायला गेलं, याची विचारणा होते त्यात. आठ महिने आजाऱ्याला भेटायला जायचं नाही हाच कायदा असलेली माणसं तो उतारा मास्कआडून ऐकत होती.

मी त्या रविवारी जालन्यात होतो. बाकांवर एकाआड एक चिकटपट्टीच्या फुल्या. दारापाशी पवित्र पाण्याचं भांडं कोरडं. आत शिरताना बोटं आपोआप त्यात जात होती आणि कोरडीच कपाळाला लागत होती. एका पोराच्या हातात कपाळावर धरायचं पांढरं पिस्तूल, दुसऱ्याच्या हातात नावं लिहायची वही. गायला मनाई, म्हणून लाउडस्पीकरवर रेकॉर्ड. पण सवय कुठे जाते? दुसऱ्या कडव्याला मास्कच्या आत गुणगुण सुरू झाली, मधमाश्यांसारखी, आणि वही धरलेल्या पोराने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. शांतीचं अभिवादन करायची वेळ आली तेव्हा दरवेळी शेजाऱ्याचा हात हातात घेणारी माणसं हात जोडून उभी राहिली. नियमात प्रसाद वाटायचा नाही असं होतं, आणि आमच्या मराठीत मिस्साच्या गाभ्याचं नावच ख्रिस्तप्रसाद! ज्याने नियम लिहिले त्याच्या डोक्यात पेढा आणि शिरा असणार. फादरांनी हाताला सॅनिटायझर लावलं, ते वाळेपर्यंत थांबले, आणि तो पातळ, बिनखमिराचा, गव्हाचा गोल तुकडा प्रत्येकाच्या तळहातावर वरूनच, न टेकता सोडला. जिभेवर घ्यायची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे तळहात थरथरत होते.

अर्थात म्हातारी माणसं थोडीच होती. पासष्टच्या वरच्यांनी, दहाच्या खालच्यांनी घरीच थांबावं असाही सल्ला होता. आपल्याकडच्या कुठल्याही चर्चमधून ही दोन वयं काढून घ्या, काय उरतं बघा.

आत्याच्या गावी फादर आले ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. कालनिर्णयावर गोल आहे, एकावर एक तीनदा गिरवलेला. सतरंजीचा तोडगा मास्तरांनी काढला. मोठी सतरंजी अंथरली, आणि तिच्यावर ज्याने त्याने आपापलं आणलेलं टाकलं: गोधडी, पोतं, शाळेच्या बस्करपट्टीचा तुकडा, एकाने मोटारसायकलचं सीट-कव्हर. अंतरही पाळलं आणि सतरंजीही राहिली. आत्या सत्तरीपुढची, ती कायद्याने घरी थांबली, म्हणजे उंबऱ्यावर बसली. चर्चच्या उंबऱ्यावर.

'अंतर' या शब्दाविषयी इथे थांबलं पाहिजे. साथ आली तेव्हा इंग्रजीतून जो शब्द आला त्याचं मराठी झालं 'सामाजिक अंतर'. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्येच तो बदलून 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली, पण गावच्या चावडीवर जो फलक लागला तो लागला. मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती मूळचे महार आणि मांग. त्यांच्या आजोबा-पणजोबांना सामाजिक अंतर कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्यातच जन्मले होते. जालन्याचीच गोष्ट घ्या. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, स्कॉटिश मिशनचे पाद्री म्हणून जालन्याला आले. निजामाच्या दरबारातून, सालारजंगांकडून, जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यांच्याभोवती जमलेली माणसं मुख्यतः मांग. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण मूळ खेच तीच. एका ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला माणूस मांगाच्या हातची भाकरी खातो, त्याच्या पोराला मांडीवर घेतो, आजाऱ्याच्या कपाळाला हात लावतो. शिकवण नंतर समजली असेल. हात आधी समजला.

तेव्हा हात लावू नका, जवळ बसू नका, तुमचं आसन वेगळं, पाणी वेगळं, असं सगळं नव्याने कानावर आलं तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते शहरी डॉक्टरला भीतीसारखं दिसलं असेल. ते ओळखीचं होतं. कारण बरोबर होतं, विषाणू खरा होता, माणसं खरोखर मरत होती, आणि नियम सगळ्यांना सारखा होता, हा फार मोठा फरक. तरी शरीर आठवण ठेवतं. (कागदावरचं अंतर तर अजून तसंच आहे. अनुसूचित जाती ठरवणारा 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश पुढे शिखांना आणि बौद्धांना लागू झाला, दलित ख्रिश्चनांना नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

2021 चा ईस्टर 4 एप्रिलला होता. मोठ्या चर्चमध्ये पन्नास, लहान असेल तर दहा ते पंचवीस, अशी संख्या ठरवून दिलेली. याद्या झाल्या. भावाभावांत कुणी जायचं यावर रुसवे झाले. आणि त्याच रविवारी मंत्रिमंडळाची बैठक होऊन उद्या रात्रीपासून पुन्हा सगळं बंद, असं जाहीर झालं. सकाळी प्रभू उठला म्हणून घंटा वाजवली, दुसऱ्या रात्री दाराला कुलूप.

दुसऱ्या लाटेविषयी मला फार लिहवत नाही. पहिल्या लाटेत आकडे दूरचे होते, दुसरीत ती नावं झाली. अंत्यविधीला वीस माणसं. मुंबईत पहिल्याच वर्षी कोरोनाने गेलेल्यांच्या दफनाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला होता आणि मे 2020 मध्ये न्यायालयाने दफनाला परवानगी कायम ठेवली होती. खेड्यात तो प्रश्न कोर्टात जात नाही, खड्डा कोण खणणार इथे येऊन थांबतो. आमच्या एका नातलगाला जेसीबीने खणलेल्या खड्ड्यात, प्लास्टिकमध्ये, लांबून दोरांनी सोडलं. मास्तर बांधावर उभे राहून मोठ्याने प्रार्थना म्हणत होते, कारण जवळ जाऊन हळू म्हणायची सोय नव्हती. मूठभर माती टाकायची राहिली.

त्या वर्षी पुन्हा दारं उघडली 7 ऑक्टोबरला. सरकारने घटस्थापनेचा मुहूर्त धरला होता. कालनिर्णयात त्याच चौकटीत आमचा जपमाळेच्या राणीचा सण. आत्या म्हणाली, दोन्ही बायांनी मिळून उघडलं. पुढे 2 नोव्हेंबर, मृतांचा दिवस, हाही धनत्रयोदशीला आला. संध्याकाळी गावात घरोघर यमदीपाची दक्षिणेकडे वात करून ठेवलेली, आणि गावाबाहेर ख्रिस्ती कब्रस्तानात मेणबत्त्या. दीड वर्षात पुरलेल्यांपैकी काहींच्या मातीवर अजून क्रूसही रोवलेला नव्हता. लोक पहिल्यांदा तिथे गर्दीने उभे होते, खांद्याला खांदा लावून, आणि कुणी कुणाला लांब सरक म्हणालं नाही. राहिलेली मूठभर माती त्या दिवशी टाकली बऱ्याच जणांनी.

सगळे परतले का? नाही. शहरात काही घरांनी फोनची मिस्सा कायमची धरली. चहा घेत बघता येते, कपडे करावे लागत नाहीत. रोमहून कार्डिनल सारा यांनी 2020 मध्येच पत्र लिहून बजावलं होतं की प्रक्षेपण हे प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. पत्र चांगलं होतं, पण ज्यांच्यासाठी होतं त्यांनी ते वाचलं असेल असं नाही. दोन वर्षं प्रथम ख्रिस्तप्रसाद लांबलेली पोरं मिसरूड फुटल्यावर पांढरा शर्ट घालून रांगेत उभी राहिली, ती जरा ओशाळलेलीच. खेड्यात मात्र उलटं झालं. पुण्या-मुंबईतून काम सुटून आलेली काही कुटुंबं गावातच राहिली आणि पत्र्याच्या खोलीत जागा पुरेना.

राज्यातले सगळे निर्बंध उठले ते 2022 च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर. त्यामुळे त्या वर्षीचा पवित्र आठवडा तीन वर्षांतला पहिला पुरा. दोन वर्षं वगळलेलं पाय धुणं परत येणार होतं. पवित्र गुरुवार 14 एप्रिलला. आंबेडकर जयंती!

संध्याकाळी मी आत्याच्या गावी पोचलो तेव्हा वेशीतच निळे झेंडे, डीजे, आणि ट्रॅक्टरवर बाबासाहेबांचा पुतळा. मिरवणुकीत नाचणारी निम्मी पोरं आमचीच होती. सातला चर्चमध्ये यायचं म्हणून सहालाच नाचून घेत होती. फादरांची मोटारसायकल गर्दीत अडकली, तर त्यांनाही कुणीतरी कपाळाला नीळ लावली. ती पुसून ते वेदीशी उभे राहिले, तरी कानशिलाजवळ थोडी राहिलीच.

बारा जण सतरंजीवर एका ओळीत, पाय पुढे करून. पूर्वी फक्त पुरुष बसायचे, 2016 पासून बायकांनाही मुभा आहे. ऊसतोडीहून चार दिवसांपूर्वी परतलेले दोघे, दहावीची एक पोरगी, आशाताई, मास्तर, आणि टोकाला आत्या. फादर गुडघ्यावर बसले. बाहेरच्या डीजेने टेबलावरची समई थरथरत होती. स्टीलची तपेली, तांब्या, खांद्यावर पंचा. एकेक पाऊल हातात घ्यायचं, पाणी सोडायचं, पुसायचं, कपाळ टेकवायचं. ऊसतोड्यांच्या टाचांच्या भेगांत काळं इतकं मुरलेलं की पाणी वरून तसंच ओघळलं. फादरांनी अंगठा लावून चोळलं.

आत्याचे पाय लखलखीत होते. दुपारी न्हाणीत बसून दगडाने घासून, वर खोबरेल लावून आली होती. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. फादर वर बघून हसले. "अहो, धुवून आलात तर मी काय धुवायचं?"

"तसे कसे देऊ तुमच्या हातात," आत्या म्हणाली आणि दुसरा पाय पुढे केला.